संरक्षण व्हिसा नाकारल्यावर न्यायालय नेमके काय तपासते?

यारातीर

नमस्कार. हा प्रश्न माझ्या स्वतःच्या व्हिसाचा नाही, माझ्या एका सहकाऱ्याचा आहे. मेलबर्नच्या पश्चिमेकडील एका गोदामात आम्ही दोघे रात्रपाळीला असतो. तो पाकिस्तानी पंजाबातला, अहमदिया या धार्मिक पंथाचा. त्याची उर्दू आणि माझी हिंदी यांवर आमचे चांगले निभते, आणि इंग्रजीतला कोणताही सरकारी कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो. त्यामुळे त्याची फाइल मला जवळजवळ पाठ झाली आहे. त्याच्या संमतीने आणि ओळख पटेल असा तपशील गाळून येथे लिहीत आहे.

त्याचा संरक्षण व्हिसाचा (मायदेशी छळाचा धोका असलेल्याला ऑस्ट्रेलियात राहू देणाऱ्या व्हिसाचा) अर्ज आधी गृह विभागाने नाकारला आणि पुढे न्यायाधिकरणानेही तोच निर्णय कायम ठेवला. न्यायाधिकरणाच्या निर्णयातील मुख्य कारण असे, की वडील वारल्यावर तो तीन आठवडे गावी जाऊन आला होता, आणि ज्याला खरोखर जिवाची भीती आहे तो असा परत जाणार नाही. त्यानंतर त्याने न्यायालयात अर्ज केला. वकील परवडला नाही, म्हणून स्वतःच उभा राहिला. गेल्या महिन्यात सुनावणी झाली तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो. दाराबाहेरच्या यादीत त्याचे नाव कुठेच नव्हते, नुसती काही अक्षरे आणि एक आकडा; आपले प्रकरण तेच हे कळायलाही वेळ लागला. त्याच्या हातात प्लास्टिकची निळी फाइल होती. तीत गावच्या पोलीस ठाण्यातल्या तक्रारीची प्रत, मिनार पाडलेल्या प्रार्थनास्थळाची छायाचित्रे आणि भावाचे अलीकडचे पत्र असे सगळे होते. न्यायाधीश अत्यंत सभ्यपणे बोलत होते, दुभाषाही होता. परंतु त्यांनी ती फाइल पाहिली नाही. ही कागदपत्रे न्यायाधिकरणापुढे नव्हती, त्यामुळे ती मला विचारात घेता येणार नाहीत, असे त्यांनी सांगितले आणि विचारले, की न्यायाधिकरणाने कायद्याची कोणती चूक केली असे तुमचे म्हणणे आहे? तो प्रत्येक वेळी एकच उत्तर देत राहिला, की परत गेलो तर मला मारतील. निकाल राखून ठेवलेला आहे.

माझा प्रश्न साधा आहे. माणसाला धोका आहे की नाही हे न्यायालय पाहणारच नसेल, तर मग ते पाहते तरी काय? आणि ज्याला इंग्रजी धड वाचता येत नाही अशा माणसाने ‘कायद्याची चूक’ शोधावी ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे? या विषयाची माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नीलगिरीछाया

मी सिडनीत राहते आणि काही वर्षे याच क्षेत्रातील एका वकिलांच्या कार्यालयात काम केले आहे. पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावा. आपल्या मित्राच्या प्रकरणात सल्ला देण्यासाठी त्याची फाइल प्रत्यक्ष पाहणारा वकीलच हवा.

प्रथम रचना पाहू. विभागातील अधिकारी अर्ज नाकारतो, तेव्हा अर्जदाराला न्यायाधिकरणाकडे जाता येते. पूर्वी हे काम प्रशासकीय अपील न्यायाधिकरण करीत असे. १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या जागी प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरण आले. येथे सगळे प्रकरण नव्याने पाहिले जाते. नवे पुरावे देता येतात, साक्ष होते, आणि न्यायाधिकरणाचा सदस्य अधिकाऱ्याच्या जागी बसून स्वतःचे मत बनवतो. म्हणजे ‘मला धोका आहे’ हे सांगण्याची आणि सिद्ध करण्याची ही अखेरची जागा. यानंतर फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टाच्या दुसऱ्या विभागात जे चालते, ते अपील नव्हे. तेथे प्रश्न इतकाच असतो, की न्यायाधिकरणाने हा निर्णय कायद्याने आखून दिलेल्या मर्यादेत राहून घेतला की नाही. निर्णय कठोर आहे, किंवा न्यायाधीशांना स्वतःला तो पटत नाही, एवढ्यावर तो रद्द होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत न्यायिक अधिकार आणि कार्यकारी अधिकार यांची फारकत कडक आहे, आणि व्हिसा द्यावा की देऊ नये हा कार्यकारी निर्णय मानला जातो. आपण ज्याला निष्ठुरपणा समजलात, तो त्या न्यायाधीशांच्या अधिकाराची हद्द होती. ती निळी फाइल त्यांनी उघडली असती आणि तिच्या आधारे निकाल दिला असता, तर वरच्या न्यायालयात तो टिकला नसता.

आता ‘कायद्याची चूक’ म्हणजे काय. येथील वकील ‘ज्युरिस्डिक्शनल एरर’ म्हणतात. अधिकारच हातून निसटेल इतकी गंभीर चूक, असा तिचा अर्थ. तिची पक्की यादी कोणत्याही कायद्यात नाही, ती निकालांतून घडत गेली आहे. म्हणून काही निकालच सांगते.

२००३ साली उच्च न्यायालयापुढे बांगलादेशातील दोन पुरुषांचे प्रकरण आले. (ऑस्ट्रेलियात ‘हायकोर्ट’ हेच देशाचे सर्वोच्च न्यायालय आहे, हे भारतीय वाचकांनी ध्यानात ठेवावे.) ते दोघे समलिंगी जोडीदार होते. न्यायाधिकरणाचे म्हणणे असे, की ते आजवर गुपचूप राहत आले आहेत, पुढेही तसेच राहतील, त्यामुळे त्यांना धोका नाही. उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी हा निर्णय चुकीचा ठरवला. ते गुपचूप का राहतात, हा प्रश्न न्यायाधिकरणाने स्वतःला विचारलाच नव्हता. लपून राहण्याचे कारण भीती हेच असेल, तर त्या लपण्याचा हवाला देऊन भीती नाही असे म्हणता येत नाही. न्यायाधीशांनी त्या दोघांना ‘निर्वासित’ घोषित केले नाही. चुकीचा प्रश्न विचारला गेला, एवढे सांगून प्रकरण परत पाठवले. आपल्या मित्राच्या पंथाच्या बाबतीत हा निकाल विशेष महत्त्वाचा आहे. पाकिस्तानात १९८४ च्या अध्यादेशानंतर अहमदिया माणसाने स्वतःला मुसलमान म्हणवणे किंवा आपल्या श्रद्धेचा प्रचार करणे हा गुन्हा ठरतो, आणि त्यामुळे अनेक जण श्रद्धा झाकूनच वावरतात. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये निर्वासिताची व्याख्या १९५८ च्या स्थलांतर कायद्यातच घालण्यात आली, तेव्हा धर्मश्रद्धा किंवा लैंगिक कल लपवण्याची अपेक्षा अर्जदाराकडून करता येणार नाही, अशी तरतूदही तीत आली.

दुसरे उदाहरण २००६ चे, एका इराणी खलाशाचे. ख्रिस्ती धर्माकडचा आपला ओढा जहाजावर उघड झाला, म्हणून परत गेल्यास धोका आहे, असे त्याचे म्हणणे. विभागाच्या अधिकाऱ्याने त्याच्या हकिकतीतील ज्या भागांवर शंका घेतली नव्हती, नेमके तेच भाग न्यायाधिकरणाने अविश्वसनीय ठरवले, आणि सुनावणीत त्याला तसे सूचितही केले नाही. ज्या मुद्द्यावर आपले प्रकरण कोसळणार आहे तो मुद्दा वादात आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो त्याला उत्तर काय देणार? नैसर्गिक न्याय डावलला गेला म्हणून निर्णय रद्द झाला.

अशाच रीतीने अर्जदाराने स्पष्टपणे मांडलेला एखादा दावा पूर्णपणे दुर्लक्षित राहिला, किंवा धोक्याची कसोटीच चुकीची लावली, तरीही निर्णय मोडतो. कसोटीबद्दल १९८९ चा चॅन खटला पायाभूत आहे: छळाची ‘खरी शक्यता’ असली की पुरे, ती निम्म्याहून अधिक असण्याची गरज नाही. त्या खटल्यात एका न्यायमूर्तींनी दहा टक्के शक्यतेचे उदाहरण दिले होते. न्यायाधिकरणाने ‘छळ होण्यापेक्षा न होण्याचा संभव अधिक’ एवढ्यावर अर्ज फेटाळला असेल, तर ती चूक आहे.

तथापि दोन अडसर आहेत. न्यायाधिकरणाच्या निर्णयातील शब्द न् शब्द भिंगाखाली धरून चुका हुडकत बसू नये, असे उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बजावले आहे, आणि सरकारी वकील प्रत्येक सुनावणीत त्याचा दाखला देतात. शिवाय २०१८ पासूनच्या निकालांनी चूक परिणामकारक असली पाहिजे ही अट पक्की केली: ती घडली नसती तर निर्णय वेगळा होण्याची वास्तव शक्यता होती, असे दिसले पाहिजे. २०२४ च्या एका निकालात उच्च न्यायालयाने ही अट फार अवघड समजू नये असे स्पष्ट केले, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

यादीतील अक्षरे आणि आकडा यांचे कारणही सांगून टाकते. संरक्षण व्हिसाच्या अर्जदाराचे नाव न्यायालयाने प्रसिद्ध करायचे नाही, असे कायद्याचे बंधन आहे. निकाल मायदेशातील कुणीही वाचू शकतो.

फोर्टकर

मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिकांचे काम करतो. ऑस्ट्रेलियन कायद्याशी माझा संबंध केवळ वाचनापुरता. परंतु वरचे वाचताना आपल्या राज्यघटनेतील अनुच्छेद २२६ ची, म्हणजे उच्च न्यायालयांच्या रिट अधिकाराची, आठवण येणे अपरिहार्य आहे. आम्हीही पक्षकाराला रोज हेच समजावतो, की रिट न्यायालय अपिलात बसत नाही, ते निर्णयापेक्षा निर्णयाची प्रक्रिया तपासते. पक्षकाराचा चेहरा तेव्हा आपल्या मित्रासारखाच होतो.

येथे मला एका इतिहासाकडे लक्ष वेधायचे आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये ‘टॅम्पा’ या नॉर्वेजियन जहाजाने समुद्रातून वाचवलेल्या चारशेहून अधिक लोकांना ऑस्ट्रेलियाने किनाऱ्यावर उतरू दिले नाही. त्यानंतरच्या काही आठवड्यांत तेथील संसदेने जी विधेयके संमत केली, त्यांतून स्थलांतर कायद्यात कलम ४७४ आले. त्याची भाषा अशी, की या कायद्याखालील निर्णय अंतिम असतील आणि कोणत्याही न्यायालयात त्यांना आव्हान देता येणार नाही. शब्दशः वाचले तर दार बंदच झाले होते. फेब्रुवारी २००३ मध्ये ‘प्लेंटिफ एस१५७’ या खटल्यात उच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले नाही. त्याचा अर्थच असा लावला, की अधिकारातिक्रमणाने (वर आलेल्या ‘ज्युरिस्डिक्शनल एरर’ने) दूषित झालेला निर्णय हा मुळी ‘या कायद्याखालील निर्णय’ नव्हेच, त्यामुळे कलमाचे कवच त्याला लागू होत नाही. या अर्थामागे राज्यघटनेचे कलम ७५ मधील पाचवे पोटकलम उभे होते, जे संघराज्याच्या अधिकाऱ्यांविरुद्ध मँडॅमस (कर्तव्य करण्याचा आदेश), प्रोहिबिशन (अधिकाराबाहेरची कृती रोखणारा आदेश) आणि मनाई हुकूम मागण्याचा अधिकार थेट घटनेतूनच देते. संसदेला साध्या कायद्याने ते काढून घेता येत नाही. आपल्याकडे १९९७ साली एल. चंद्रकुमार खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुच्छेद २२६ आणि ३२ खालील पुनर्विलोकन हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग ठरवला. वाट वेगळी असली, तरी मुक्काम बराच जवळचा आहे.

फरक मात्र मोठा आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. परकीय माणसालाही अनुच्छेद २१ चे, म्हणजे जीविताच्या हक्काचे, संरक्षण आहे, आणि १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला त्या आधारे आदेशही दिले. परंतु ‘अधिकाऱ्याने अमुक कलमाखालचा प्रश्न चुकीचा विचारला’ असे म्हणायला मुळात ते कलम हवे. ऑस्ट्रेलियात कायदा इतका तपशीलवार आहे, की न्यायालयाला पकडायला जागोजागी धागे मिळतात. मुंबईत अशाच परिस्थितीत सापडलेल्या माणसाची याचिका लिहायला मी बसलो, तर मला सगळी मांडणी अनुच्छेद १४ (समानता) आणि २१ यांवर तोलावी लागेल.

यारातीर

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल आभार. आता दोन नेमक्या शंका विचारतो. वडिलांच्या अंत्यविधीला गेला म्हणून भीती खोटी, हे कारण मला तर्कदृष्ट्याच चुकीचे वाटते. आपल्याकडे मुलाने तेवढे करणे अटळ असते आणि त्यांच्याकडेही तसेच आहे. असे कारण ‘कायद्याची चूक’ ठरू शकते का? दुसरे असे, की न्यायाधिकरणापुढील सुनावणीत दुभाषाने आपले बोलणे अर्धवट पोहोचवले, असे मित्राचे म्हणणे आहे. गावी असताना तो स्वतःच्या घरी राहिलाच नाही, रात्री वेगवेगळ्या नातेवाइकांकडे काढल्या, हे त्याने सांगितले होते. निर्णयपत्रात त्याचा उल्लेखही नाही.

नीलगिरीछाया

पहिल्या शंकेचे उत्तर निराश करणारे आहे. २०१० साली जवळजवळ असेच प्रकरण उच्च न्यायालयात गेले होते. अर्जदार पाकिस्तानी होता, समलिंगी असल्यामुळे धोका आहे असे त्याचे म्हणणे होते, आणि तो मध्यंतरी पाकिस्तानात जाऊन आला म्हणून न्यायाधिकरणाने त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल मंत्र्यांच्या, म्हणजे अशा खटल्यांत सरकारतर्फे प्रतिवादी असणाऱ्या स्थलांतर मंत्र्यांच्या, बाजूने लागला. त्यातून आलेली कसोटी अशी, की त्याच पुराव्यावर विवेकी माणसांची मते भिन्न होऊ शकत असतील, तर निष्कर्ष तर्कहीन म्हणता येत नाही. मतभेद असलेल्या दोन न्यायमूर्तींचे म्हणणे मला व्यक्तिशः अधिक पटते, पण न्यायालयात त्याचा उपयोग नाही. ‘मुलगा अंत्यविधीला जाणारच’ हा युक्तिवाद न्यायाधिकरणापुढे जोराने मांडायला हवा होता. न्यायालयात तो गुणदोषांचा, म्हणजे निर्णय योग्य की अयोग्य याबद्दलचा, युक्तिवाद मानला जाईल.

दुसरी शंका मात्र वेगळ्या जातीची आहे. रात्री वेगवेगळ्या नातेवाइकांकडे काढल्या हे सांगितले गेले असेल, आणि परतण्याच्या मुद्द्यावरच निर्णय उभा असताना त्याचा विचारच झाला नसेल, तर मुद्दा डावलल्याची चूक मांडता येते. दुभाषामुळे ते पोहोचलेच नसेल, तर सुनावणी खऱ्या अर्थाने झाली का, हा प्रश्न उभा राहतो. याबद्दल येथील दुभाषे अधिक नेमके सांगू शकतील.

शब्दवाहक

मी मराठी आणि हिंदीचा दुभाषा म्हणून ऑस्ट्रेलियात काम करतो, म्हणून दुसऱ्या मुद्द्यापुरते लिहितो.

दुभाषाची प्रत्येक चूक निर्णय मोडत नाही. १९९९ च्या परेरा खटल्यापासून न्यायालये असे पाहत आली आहेत, की भाषांतर निर्दोष असण्याची गरज नाही, परंतु अर्जदाराचे म्हणणे पुरेशा अचूकतेने पोहोचले पाहिजे आणि चूक महत्त्वाच्या मुद्द्यावर झालेली असली पाहिजे. म्हणजे तपशिलात जावे लागते. न्यायाधिकरणाच्या सुनावणीचे ध्वनिमुद्रण होते आणि अर्जदाराला त्याची प्रत मिळते. ते संपूर्ण ऐकावे, मिनिट आणि सेकंद लिहून घ्यावेत. ‘दुभाषा बरोबर नव्हता’ असे मोघम विधान कोणी ऐकून घेत नाही. ‘अमुक मिनिटाला मी उर्दूत हे बोललो, इंग्रजीत हे सांगितले गेले, आणि निर्णयाच्या अमुक परिच्छेदात त्याचाच आधार घेतला आहे’ असे तीन रकाने तयार झाले, तरच वकील पुढे बोलतो. ते भाषांतर मित्राने किंवा आपण करून चालणार नाही. ज्याचा मूळ प्रकरणाशी संबंध नाही अशा प्रमाणित उर्दू दुभाषाने ध्वनिमुद्रणाचा उतारा करून शपथपत्र द्यावे लागते. नवा पुरावा न्यायालय घेत नाही असे वर आले आहे, त्याला हा अपवाद आहे: मिनार पाडल्याचे छायाचित्र धोका दाखवते, म्हणून ते चालत नाही, ध्वनिमुद्रणाचा उतारा सुनावणीत काय घडले ते दाखवतो, म्हणून तो चालतो.

मी बसलेल्या अनेक सुनावण्यांत एक गोष्ट पाहिली आहे. अर्जदार घाबरून सलग बोलत सुटतो, दुभाषाला मध्ये थांबवायला संधी मिळत नाही, आणि मग त्या लांबलचक बोलण्याचा दोन वाक्यांत सारांश होतो. अंत्यविधीसारख्या प्रसंगाबद्दल बोलताना तर हे हमखास घडते. तुमच्या मित्राच्या बाबतीत असेच घडले असेल, तर मुद्रणात ते लगेच ऐकू येईल.

सावधगिरी

चर्चा उत्तम चालली आहे, पण आपल्या लोकांसाठी एक वेगळी बाजू नोंदवणे मला आवश्यक वाटते. आपल्या समाजात असे एजंट फिरतात, जे विद्यार्थी व्हिसा संपत आलेल्या मुलांना सांगतात, की संरक्षण व्हिसाचा अर्ज टाका, नाकारला तर न्यायाधिकरण, तिथे हरलात तर न्यायालय, तोवर पाच-सहा वर्षे काम करता येईल. माझ्या परिचयातील एका मुलाने असेच केले. त्याच्या नावाने लिहिलेली हकिकत त्याने स्वतः कधी वाचलीही नव्हती.

याचे परिणाम त्या मुलांना कोणी सांगत नाही. संरक्षण व्हिसा एकदा नाकारला गेला, की ऑस्ट्रेलियात असेपर्यंत त्याच व्हिसासाठी पुन्हा अर्ज करता येत नाही; ती बंदी उठवण्याचा अधिकार फक्त मंत्र्यांकडे आहे. इतर बहुतेक व्हिसांचा मार्गही येथून अर्ज करण्यापुरता आवळला जातो. न्यायालयात हरल्यास मंत्र्यांच्या वकिलाचा खर्च अर्जदारावर येतो आणि तो काही हजार डॉलरांत असतो. वकिलालाही स्थलांतराच्या खटल्यात दाव्याला यशाची वाजवी शक्यता आहे असे लेखी प्रमाणित करावे लागते, आणि यशाची शक्यता नसलेला खटला रेटायला लावणाऱ्यावर न्यायालय खर्च बसवू शकते. शिवाय भारतीय अर्जदाराच्या प्रकरणात ‘देशातल्या दुसऱ्या एखाद्या भागात तुम्ही सुरक्षित राहू शकत नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो. गावातल्या सावकाराच्या भीतीची गोष्ट सांगणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही.

अशा अर्जांच्या ढिगात तुमच्या मित्रासारख्यांची प्रकरणे वर्षानुवर्षे अडकून पडतात, याचा मला राग आहे, म्हणून थोडे परखड लिहिले.

नीलगिरीछाया

आपला राग मला समजतो. मात्र प्रकरणे तुंबण्याचे खापर केवळ अर्जदारांवर फोडता येणार नाही. नौकेने आलेल्या हजारो लोकांसाठी काही वर्षे एक ‘जलद मार्ग’ चालवला गेला. त्यात पुनर्विचार बहुधा केवळ कागदांवरून, अर्जदाराला समोर न बोलावता होत असे आणि नवी माहिती अपवादात्मक परिस्थितीतच घेतली जाई. पहिल्या पायरीवर ऐकून घेणे कमी झाले, की त्याचा भार न्यायालयांवर पडतोच. ती यंत्रणा २०२४ च्या बदलात बंद झाली.

न्यायालय आणि संसद यांच्यातली रस्सीखेचही लक्षात घेण्याजोगी आहे. प्रतिकूल माहिती अर्जदाराला लेखी कळवण्याचे बंधन न्यायाधिकरणाने पाळले नाही, तर निर्णय टिकत नाही, असे २००५ मध्ये उच्च न्यायालयाने एका इराणी मायलेकींच्या प्रकरणात ठरवले. २००७ मध्ये संसदेने दुरुस्ती करून ती माहिती सुनावणीत तोंडी सांगण्याचीही मुभा दिली. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा गाजलेला निकाल वाचून अर्जाचे मुद्दे लिहू नयेत. त्यामागचे कलम आज त्याच रूपात आहे का, ते आधी पाहावे.

यारातीर, आता आपल्या मित्रापुरते. निकाल राखून ठेवलेला असताना नवा मुद्दा किंवा ध्वनिमुद्रणाचा उतारा पुढे आणायचा असेल, तर सुनावणी पुन्हा खुली करण्याची परवानगी मागावी लागते. ती सहज मिळत नाही आणि निकाल लागल्यावर तर तो प्रश्नच उरत नाही, म्हणून हे याच आठवड्यात वकिलाला दाखवा. व्हिक्टोरियात सरकारी विधी साहाय्य आणि निर्वासितांसाठी विनामूल्य काम करणारी विधी केंद्रे आहेत. त्यांच्याकडे गर्दी असते, पण ‘निकाल राखून ठेवला आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगितल्यास ते प्राधान्य देतात, असा माझा अनुभव आहे. जाताना न्यायाधिकरणाचे निर्णयपत्र, ध्वनिमुद्रण आणि न्यायालयात दाखल केलेला अर्ज एवढे तीन ऐवज न्यावेत.

निकाल बाजूने लागला, तरी त्यातून थेट व्हिसा मिळत नाही. निर्णय रद्द होऊन प्रकरण न्यायाधिकरणाकडे परत जाते आणि सर्वसाधारणपणे दुसरा सदस्य ते नव्याने ऐकतो. त्या वेळी निळ्या फाइलमधला प्रत्येक कागद दाखल करता येईल, अंत्यविधीचे कारणही पूर्ण मांडता येईल. सरकारी वकिलाला स्वतःला चूक दिसली, तर मंत्री खटला न लढवता संमतीने निर्णय रद्द करून घेतात, असेही घडते. निकाल विरुद्ध लागला, तर फेडरल कोर्टात अपील करण्यासाठी निकालाच्या तारखेपासून २८ दिवस असतात. तेथेही खालच्या न्यायाधीशांचे काय चुकले तेच दाखवायचे असते, आणि खाली न मांडलेला मुद्दा मांडायला परवानगी लागते. त्यापुढे उच्च न्यायालय विशेष परवानगी दिली तरच ऐकते. मंत्र्यांकडे हस्तक्षेपाची विनंती करता येते, परंतु ती विचारात घेण्याचे बंधन मंत्र्यांवर नाही.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी मुदतींबद्दल लिहिते, कारण बहुतेक प्रकरणे तेथेच बुडतात. न्यायाधिकरणाच्या निर्णयानंतर न्यायालयात अर्ज करण्याची मुदत ३५ दिवसांची आहे आणि ती निर्णयाच्या तारखेपासून मोजली जाते, पत्र हातात पडल्यापासून नव्हे. उशीर झाल्यास मुदतवाढ मागता येते, पण उशिराचे कारण आणि दाव्यातील दम अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. विभागाच्या निर्णयानंतर जो न्यायाधिकरणाची मुदत चुकवतो आणि ‘आता थेट न्यायालयात जातो’ म्हणतो, त्याला हे न्यायालय ऐकतच नाही: जो निर्णय न्यायाधिकरणाकडे नेता आला असता, त्यावर त्याला अधिकारच नाही, मग अर्जदाराने तो नेला असो वा नसो. ब्रिजिंग व्हिसाही (प्रकरण चालू असेपर्यंत देशात राहू देणारा तात्पुरता व्हिसा) न्यायालयात अर्ज केला म्हणून आपोआप पुढे चालू राहतो असे समजू नये. विभागाकडे तसा अर्ज करून लेखी उत्तर हातात ठेवावे.

यारातीर

ध्वनिमुद्रणाची प्रत आज मागवली. उद्या पाळी संपली की सकाळी आम्ही दोघे विधी केंद्रात जात आहोत. प्रमाणित उर्दू दुभाषा शोधण्याची रीत शब्दवाहक यांनी कृपया लिहावी.

शब्दवाहक

दुभाषांना प्रमाणपत्र देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर भाषेनुसार सार्वजनिक सूची आहे. तेथे ‘उर्दू’ निवडून प्रमाणपत्राची पातळी पाहा, आणि न्यायालयासाठी शपथपत्र दिल्याचा अनुभव आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा. मूळ सुनावणीतला दुभाषा कोण होता ते मुद्रणाच्या सुरुवातीला ऐकू येते. तोच नेमका पुन्हा नेमला जाणार नाही, एवढे पाहा.